डॉक्टर सबनिसांचे घाणेरडे प्रश्न

डॉक्टर सबनिसांची आठवण झाली की मला आजही आधी मळमळतं, आणि मग बाकीचं सगळं आठवतं. खोटं कशाला सांगू? माणूस गेला की त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडायची आपल्याकडे रीत आहे. मला ते जमत नाही. सबनीस होतेच शिसारी येण्यासारखे, आणि त्यांना स्वतःला ते पक्कं ठाऊक होतं.

लोणावळ्याच्या बाजारामागच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड, आणि बरोबर समोर त्यांचा दवाखाना. मी मुलींच्या शाळेत शिकवीत होते. घरात मी आणि आई, दोघीच. सकाळी खिडकी उघडली की पहिलं दर्शन सबनिसांचं. अंगात काळा अल्पाकाचा कोट, त्याच्या बाह्या कोपरापासून खाली चकचकीत झालेल्या, कशानं ते देव जाणे. मिशा तपकिरीनं पिवळ्या पडलेल्या. जवळून गेलं की कार्बोलिक, तपकीर आणि तिसरा एक ओळखू न येणारा वास यायचा. तो तिसरा वास कसला, हे मी आयुष्यात कधी शोधलं नाही. ओट्यावर उभं राहून ते दात घासायचे आणि त्या तोंडातल्या फेसासकट येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायचे.

"काय जोशीबुवा, झाली का?"

बिचारे जोशीबुवा पूजा सांगायला निघालेले. मान खाली घालून "झाली, झाली" म्हणत सटकायला बघायचे.

"अहो, थांबा! घट्ट की पातळ? रंग कसा होता?"

सगळी गल्ली ऐकत असायची. बायका खिडक्या लावून घ्यायच्या. मी चहाचा कप तसाच खाली ठेवायची. एवढ्यावर भागलं असतं तर बरं. बाजारातून चालताना कुणी रस्त्यावर खाकरून थुंकलेलं दिसलं की आपण पदर नाकाला लावून पलीकडून जातो. हा माणूस थांबायचा, धोतर सावरून वाकायचा, निरखून बघायचा आणि ओरडायचा, "हे कुणाचं आहे रे? त्याला म्हणावं, येऊन छाती दाखव!" रोग्यानं बाटलीतून आणलेली लघवी आधी उजेडात धरायचे आणि मग नाकाशी न्यायचे. डोळे मिटून, शांतपणे, कुणी अत्तराचा फाया हुंगावा तसे. शी!

पण हे चाळे का, तर त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलेली होती. औषध बाटलीत असतं तोवर ते डॉक्टरचं, आणि घशाखाली उतरलं की ते ज्याच्या-त्याच्या अंगाचं. "पुस्तकात माप दिलंय ते पुस्तकाला पाजा," असं म्हणायचे. त्यामुळे कुणी नुसतं डोकं दुखतंय म्हणून आला तरी त्याची आधी उलटतपासणी. काल काय खाल्लं, किती खाल्लं, उपास होता का, दारू पितोस का, किती पितोस, कावीळ झाली होती का, बापाला कुठलं औषध सोसत नव्हतं का, पोरीला पाळी कधी आली. हे सगळं मोठ्या आवाजात, बाकावर बसलेल्या सगळ्या रोग्यांसमोर. लोक कानांवर हात ठेवायचे, पण दुसऱ्याच्या उत्तराच्या वेळी ते हात आपोआप खाली यायचे, हेही मी पाहिलं आहे. आपल्या लोकांच्या सोवळेपणाची मला म्हणूनच जास्त किळस येते.

एकदा वडिवळ्याचे एक आबा आपल्या म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन आले. मी आईचं डोकेदुखीचं औषध आणायला गेले होते म्हणून समोरच उभी. म्हातारी थरथरत होती आणि दोन्ही हातांनी कान दाबून धरत होती.

"कानात रातकिडं वरडत्यात," ती म्हणाली.

सबनिसांनी आबांकडे पाहिलं. "मी हिवतापाची क्विनीनची बाटली कुणाला दिली होती?"

"ग्येनूला. थोरल्या पोराला."

"मग हिला का दिलीस?"

"आवं डाक्तर," आबा अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "एका घरात ऱ्हायाचं आन् एकाला द्याचं, एकाला न्हाई? ताप तर समद्यास्नीच येतुया. म्हून बाटली आनली, पेल्यात वतली, समद्यास्नी सारकी वाटली. ग्येनूला, म्हातारीला, बारक्या पोरीला बी. आमच्यात दुजाभाव न्हाई."

सबनीस असे काही भडकले! "भाकरी वाटतोस तसं औषध वाटतोस? ग्येनूची एक मांडी म्हणजे ही अख्खी म्हातारी! बाटलीत औषध सारखंच असतं रे, पण पोटात ज्याची-त्याची चूल निराळी. ग्येनूची भट्टी आहे. हिची शेगडी विझत आलीय. त्याच्या मापाचा ओंडका हिच्यात घातलास तर जळणार कसा? धूर होणारच!" आणि मग लगेच म्हातारीचं पोट दाबत, तिच्या डोळ्यांच्या पापण्या ओढत, बाकावरच्या बायकांसमोर तिच्या शौचाचा रंग विचारायला लागले. मी तिथून निघाले. औषधही तिथंच राहिलं.

म्हातारी वाचली. पण पुढचं ऐका. आबांना काही केल्या पटेना की एकाला कमी दिलं तर तो अन्याय नव्हे. शेवटी सबनिसांनी घरातल्या प्रत्येकाला निराळी बाटली दिली, प्रत्येक बाटलीच्या गळ्यात निराळ्या रंगाचा दोरा. म्हातारीच्या बाटलीत जवळजवळ सगळं पाणीच होतं. आबा खूश होऊन गेले. ज्याला-त्याला आपली बाटली मिळाली, आता कुणाची तक्रार उरली नाही.

आमच्या गल्लीत एक वकील होते. कोर्टात तोफ, पण घरी तुपाशिवाय घास उतरत नसे. त्यांना जंत झाले. आता ही गोष्ट त्यांची आणि डॉक्टरांची. पण सबनिसांनी ओट्यावरून हाक मारून सांगितलं, "वकीलसाहेब, जंतांची पुडी घेतलीत की तूप-तेल बंद हं! थेंबसुद्धा नको!" झालं. दुपारपर्यंत वकिलांचे जंत बाजारात पोचले. वकील तणतणले, पण पुडी घेतली. नेमकी त्या दिवशी होळी. पुरणपोळी समोर आली आणि त्यांनी मनात म्हटलं असणार, या गावंढळ डॉक्टराचं ऐकून सणाचं तूप सोडायचं? संध्याकाळी ते धोतराचा सोगा धरून दवाखान्यात धावत आले. त्यांना सगळं पिवळं दिसत होतं. बायकोचं पांढरं पातळ पिवळं, भिंती पिवळ्या, स्वतःचे हात पिवळे.

"कावीळ झाली मला, डॉक्टर!"

"तूप किती खाल्लंत?"

"नाही हो, कुठलं तूप..."

"किती?"

वकिलांनी मान फिरवली आणि हाताच्या ओंजळीनं माप दाखवलं. सबनीस एवढे हसले की त्यांना ठसका लागला आणि तपकिरीचं जे काही व्हायचं ते वकिलांच्या उपरण्यावर झालं. "औषध जंतांनी प्यायचं होतं, वकीलसाहेब. तुम्ही तूप ओतून ते स्वतःच्या रक्तात जिरवलंत. बसा आता. उतरेल." वकील बरे झाले, आणि जन्मभर सबनिसांची नालस्ती करत राहिले.

आणि मळवलीकडच्या रेल्वेच्या गँगवरचा तो मुकादम. खांदा निखळला म्हणून त्याचा सासरा त्याला घेऊन आला होता. क्लोरोफॉर्म द्यायचा, म्हणून सबनिसांनी विचारलं, पितोस का? "शिवत बी न्हाई," मुकादम म्हणाला. सबनीस त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन हुंगले. मग सासऱ्याला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा. तुमच्यापुढे हा खोटं बोलणार आणि त्या खोट्यापायी टेबलावर मरणार." सासरा बाहेर गेला. "आता बोल. जो रोज पितो त्याला झोपवायला जास्त लागतं. आणि त्याचं लिव्हर गेलेलं असेल तर तेच जास्त झालेलं त्याला परत उठू देत नाही. दोन्हीकडून मरण आहे. किती पितोस?" मुकादमानं घाबरून सगळं सांगितलं. खांदा बसला. सासऱ्याला काय कळायचं ते दाराआडून कळलंच होतं, मुकादमाचं मग घरी काय झालं ते मला माहीत नाही.

तर असा हा माणूस. जिभेला हाड नाही, कसली लाज नाही. फक्त एका ठिकाणी तो बदलायचा, आमच्या उंबऱ्याशी.

सबनिसांची बायको फार पूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. आईला ते माणूस म्हणून बिलकूल आवडत नसत. त्यांनी हात लावलेली वस्तू ती गरम पाण्यानं धुवायची. पण माणूस उपाशी झोपतो हे तिला बघवत नसे, म्हणून रोज संध्याकाळी झाकलेलं ताट मोलकरणीबरोबर समोर जायचं. एकदा ताट परत द्यायला ते स्वतः आले आणि दारातच आईच्या पोटाची चौकशी सुरू केली. आई म्हणाली, "डॉक्टर, हे तुमचं बोलणं तुमच्या दवाखान्यात. माझ्या उंबऱ्याच्या आत असलं काही चालायचं नाही." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सबनिसांनी त्याच्या सात पिढ्यांची पचनशक्ती काढली असती. आईसमोर मात्र ते शाळेतल्या मुलासारखे लाजले. तेव्हापासून आमच्या दारात आले की खाली बघून बोलायचे. "माई, आमटी छान होती." बस्स, एवढंच. मला तेव्हा वाटलं होतं, चला, या जनावराला कुणीतरी माणसात आणलं.

माझी धाकटी बहीण इंदू पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली ते दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. सुईण म्हणून कार्ल्याहून भागूमावशी आली होती. मुलगी झाली, सगळं नीट झालं, आणि मग इंदूला ताप भरला. बाळंतपणानंतरचा ताप म्हणजे काय, हे तेव्हाच्या बायकांना सांगावं लागत नसे. त्यात बाई जायचीच. पण नुकत्याच सल्फाच्या गोळ्या आल्या होत्या, आणि त्यांनी अशा बायका वाचत होत्या. लढाईमुळे त्या मिळत नसत. सबनिसांनी कुणाकुणाच्या पाया पडून त्या पुण्याहून आणवल्या. गोळ्या हातात घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच उजळलेला पाहिला.

दुसऱ्या कुणाच्या घरी ते सरळ बाळंतिणीच्या बाजेवर जाऊन बसले असते. भांडं मागितलं असतं, कपडे उलगडून पाहिले असते, हुंगले असते, अख्ख्या घराला ओकाऱ्या आणल्या असत्या. आमच्या घरी ते खोलीच्या दाराबाहेर उभे राहिले. खाली बघून म्हणाले, "माई, या गोळीबरोबर भरपूर पाणी द्यायचं. चिमूटभर सोडा घालून. पाणी देता ना?"

"देते की," आई म्हणाली.

"आणि लघ..." ते खोकले. मिशीवरून हात फिरवला. "आणि बाकी सगळं ठीक?"

"ठीक आहे."

"बरं," म्हणाले, आणि गेले.

आई खोटं बोलली नव्हती. आपल्याकडे ओल्या बाळंतिणीला पाणी देत नाहीत. पाण्यानं अंगावर सूज येते, वात होतो, बाळाला सर्दी होते, असं सगळ्या बायका सांगतात. तहान लागली तर उकळलेल्या पाण्यानं ओठ ओले करायचे. आईच्या आईनं तिला तसंच ठेवलं होतं. तेव्हा डॉक्टरांच्या शब्दाला मान देऊन आई दर गोळीला देवघरातल्या पळीनं पळीभर पाणी देत होती, सोडा घालून, अगदी वेळ चुकू न देता. तिच्या हिशेबी ते भरपूर होतं. भागूमावशी तर कुरकुरत होती, "माय, लय पानी झालं. वली बाळंतीण हाय. सुजंल."

मला त्या खोलीत जायची परवानगी नव्हती. शाळेतून, बाहेरून आलेली, म्हणून दारातूनच बोलायचं. इंदू माझ्याकडे बघून हसायची, जिभेनं ओठ चाटायची आणि डोळे मिटायची. ताप उतरला होता. आई गोळ्यांना हळदकुंकू वाहायची तेवढी बाकी होती. मग इंदूच्या कमरेत कळा सुरू झाल्या. लघवीला होईना, झाली तर थेंबभर आणि लाल. पण बाळंतिणीचं रक्त जातच असतं, कपडे लालच असतात. ते कपडे मोलकरीण नाक धरून उचलायची आणि मागच्या नहाणीत नेऊन धुवायची. त्यात काय आहे ते कोण बघणार? सोवळ्याचं घर आमचं. घाणीकडे बघायचं नाही, ती लवकर नजरेआड करायची, हेच आम्हाला शिकवलेलं.

इंदूला उलट्या सुरू झाल्या तेव्हा मी समोर धावत गेले. सबनीस आले आणि या वेळी कुणाला न विचारता आत घुसले. मोलकरणीच्या हातातला कपडा त्यांनी हिसकावून घेतला, खिडकीशी नेला, नाकाशी धरला, बोटांनी चोळला. बोटांना कसली तरी बारीक कचकच लागली असावी. त्यांनी बोटं एकमेकांवर पुन्हा घासली.

"माई, पाणी किती देत होता?"

आईनं पळी उचलून दाखवली. "हे एवढं. दर गोळीला. एकदासुद्धा चुकले नाही, डॉक्टर."

सबनीस त्या पळीकडे बघत राहिले. मग त्यांनी जे जे करता येतं ते केलं. घोट घोट पाणी पाजलं, ते उलटून पडलं. मांडीच्या कातडीखाली सुईनं मिठाचं पाणी भरलं. स्वतःच्या हातांनी घाण पुसली. पण इंदूचं अंग आतून बंद पडलं होतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बाहेर सगळीकडे लख्ख ऊन असताना, ती गेली.

आईनं डोळ्यांना पदर लावला नाही. सबनिसांसमोर उभी राहून तिनं विचारलं, "डॉक्टर, ताप तर उतरला होता. मग कशानं गेली?"

"गोळ्यांनी," सबनीस म्हणाले. "माझ्या गोळ्या तिला मानवल्या नाहीत, माई."

मी तिथंच होते. त्यांची पळीवरची नजर मी पाहिली होती, बोटं घासताना पाहिलं होतं. मला काय ते कळलं होतं.

गल्लीला मग काय, आयतंच कोलीत मिळालं. घाणेरड्या डॉक्टराच्या विषारी गोळ्या! वकीलसाहेब सगळ्यांत पुढे. दवाखान्याच्या पाटीवर कुणीतरी शेण फासलं. वर्षानुवर्षं ज्यांचं पोट त्या माणसानं साफ केलं होतं ते जोशीबुवा दुसऱ्या गल्लीनं जायला लागले. आईचं ताट बंद झालं. बाजारात नवे डॉक्टर आले होते. इस्त्रीचे कपडे, अंगाला साबणाचा वास, कुणाला काही विचारत नसत. लोकांना फार आवडले.

मी सबनिसांकडे गेले. ओट्यावर बसले होते. मी तोंडावरच विचारलं, "खोटं का बोललात?"

"औषध किती द्यायचं हे घेणाऱ्याच्या अंगावर असतं, बाई. तुमच्या आईच्या अंगात एवढं पचवायची ताकद नाही. मरेल ती."

"आणि तुमची ही बेअब्रू?"

"माझीच आहे ती." त्यांनी तपकिरीची डबी उघडली आणि तशीच बंद केली. "जन्मभर मी लोकांना किती, कसं, कुठल्या रंगाचं, असं विचारत आलो. आणि तुमच्या आईपुढे मला लघवी हा शब्द तोंडातून काढवेना. पाणी देता ना, म्हणालो. किती, ते विचारलं नाही. सभ्य माणसासारखा वागलो आणि घरी जाऊन झोपलो." सभ्य हा शब्द त्यांनी थुंकल्यासारखा उच्चारला. "आईला सांगू नका. शपथ घ्या."

मी शपथ घेतली, कारण त्यांनी पाय धरायला हात पुढे केले आणि त्या हातांचा स्पर्श मला नको होता. घरी आले ते धुमसत. तो माणूस हुंगायचा, थुंकी बघायचा, तेव्हा मला त्याची जेवढी किळस आली नव्हती तेवढी त्या दिवशी त्याच्या चांगुलपणाची आली. अरे, त्या सभ्यपणानं माझी बहीण नेली, आणि आता त्यावर आणखी सभ्यपणाच पांघरायचा?

व्हायचं तेच झालं. वर्ष उलटलं असेल. गल्लीच्या टोकाला स्टेशनातल्या तारमास्तरांचं घर होतं. त्यांची सून बाळंत झाली आणि तिला तसाच ताप भरला. साबणाचा वास येणारे डॉक्टर आले, त्याच गोळ्या लिहून दिल्या, घड्याळ बघितलं आणि गेले. बाळंतपणातली जाणती म्हणून तारमास्तरीणबाईंनी आईला बोलावलं. मी शाळेतून येताना तिथं डोकावले तर आई ओसरीवर बसून सांगत होती, "त्या गोळ्या मला मेलीला पसंत नाहीत. पण द्यायच्याच असतील तर पाणी मात्र देऊ नका हो. माझ्या इंदूला मी पळीभरावर थेंब जास्त दिला नाही. माझ्याकडून कसूर झाली नव्हती. ते विषच होतं, त्याला मी काय करणार?"

आत सून पाणी मागत होती. बाहेर ऐकू येत होतं.

मी तशाच पावली सबनिसांकडे गेले. दाढी वाढलेली, समोर कोरडी भाकरी. मी म्हटलं, "उठा. तुमचं खोटं आता दुसरीला मारतंय. माझी शपथ मोडायला मी इथंच तयार आहे, पण माझ्या बोलण्यावर तिथं कुणी विश्वास ठेवायचं नाही. तुम्ही चला." ते उठले. कोटसुद्धा घातला नाही.

तारमास्तरीणबाईंनी त्यांना बघितल्याबरोबर पदर नाकाला लावला. "इथं कशाला आलात? आमच्याकडे डॉक्टर आहेत!"

सबनीस ओसरीच्या खालीच उभे राहिले. त्यांनी आईकडे पाहिलं. या वेळी खाली पाहिलं नाही.

"माई, तुमची इंदू गोळ्यांनी गेली नाही. गोळ्या चांगल्या होत्या. पाणी मिळालं नाही म्हणून गेली. त्या गोळ्या अंगात फिरून झाल्या की लघवीवाटे बाहेर पडायच्या असतात. पाणी नसलं तर त्या मूत्रपिंडात वाळूसारख्या साठतात आणि लघवी बंद होते. मी तिच्या कपड्यावर ती वाळू हातानं पाहिली. तुम्हाला खोटं सांगितलं. किती पाणी देता हे विचारायला लाजलो, हे माझं. बाकी सगळं पाण्याचं."

आईचा चेहरा मी बघू शकले नाही. मी तिच्या हातांकडे बघत होते. ते मांडीवर उलटे पडले होते, तळवे वर.

मग आई म्हणाली, "किती?"

"काय, माई?"

"पाणी. किती द्यायचं?"

"दर गोळीला तांब्याभर. प्यायला लावायचं. आणि लघवी भांड्यात धरून बघायची, किती होते, कसल्या रंगाची होते."

आई उठली. दारातला भरलेला तांब्या तिनं उचलला. तारमास्तरीणबाई आडव्या आल्या, "अहो, हे काय करताय? ओली बाळंतीण आहे ती!" आई म्हणाली, "सरा बाजूला," आणि त्यांना खांद्यानं ढकलून आत गेली. जरा वेळानं आतून ती सून पाणी पीत असल्याचा आवाज आला. गटागटा, श्वास न घेता पीत होती.

ती सून वाचली. तिला पुढे आणखी मुलं झाली. आई त्यानंतर कुठल्याही बाळंतिणीकडे गेली की आधी पाण्याचा हंडा मागायची आणि भांडं दाखवा म्हणायची. त्यामुळे गल्लीत तिलाही लोक नाक मुरडायला लागले. इंदूबद्दल ती माझ्याशी मरेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. सबनीस त्यानंतर लवकरच लोणावळं सोडून गेले, कुठे ते कुणी विचारलं नाही.

पण माझ्या डोळ्यांसमोर ते उभे राहतात ते तारमास्तरांच्या घरच्या त्या दिवशीचे. आई आत गेल्यावर ते ओसरीखाली नव्हते. मी बाहेर आले तर घराच्या कडेला, गटाराशी, भिंतीला एक हात टेकून ते ओकत होते. पोटात काही नव्हतंच, तरी सगळं अंग पिळवटून ओकत होते. मी या माणसाला कशाकशात हात घालताना पाहिलं होतं, आणि त्याला कधी नुसतं तोंड वाकडं करतानासुद्धा पाहिलं नव्हतं. माझी चाहूल लागली तसं त्यांनी बाहीनं तोंड पुसलं आणि दुसरा हात आडवा धरला.

"बघू नका, बाई," ते म्हणाले. "घाण आहे."